उंबरा असलेली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. लोह्याहून लातूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या डाव्या हाताला, ओढ्याकाठच्या एका शेतात, सिमेंटच्या उंच चौथऱ्यावर मी बसलेली आहे. माझा रंग नारिंगी होता. आता उन्हाने विटून गेला आहे. येणारे-जाणारे मला 'जहाज' म्हणतात. मी जहाज नाही. मोठ्या जहाजाच्या कुशीला टांगलेली, जहाज बुडायला लागलं तर माणसं वाचवायची, एवढ्या एकाच कामासाठी केलेली मी जीवरक्षक होडी आहे. साठ माणसांची.

समुद्र इथून किती लांब आहे ते मला विचारू नका. मी इथे ट्रेलरवर बसून आले आणि यायला सहा दिवस लागले.

माझं सगळं आयुष्य एका गोष्टीची वाट बघण्यात गेलं. कधी तरी, एकदाच का होईना, जीव मुठीत धरलेली माणसं माझ्या पोटात बसावीत आणि मी त्यांना सुखरूप ठेवावं, एवढीच माझी इच्छा होती. ही इच्छा पुरी व्हायची तर आधी कुणावर तरी संकट यायला हवं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ते फार उशिरा लक्षात आलं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

एका कारखान्यात फायबरचे थर एकावर एक चढवून मला घडवलं. मी वाळले तेव्हा एक बाई हातात छोटी हातोडी घेऊन माझ्या अंगावर टकटक करत फिरली. कुठे पोकळ आवाज येतो का, ते ती कान देऊन ऐकत होती. कुठेच आला नाही. तिने खडूने माझ्यावर खूण केली आणि शेजारणीला म्हणाली, "ही बुडायची नाही." ते वाक्य मी फार वर्षं जपून ठेवलं. आपलं कौतुक कुणी केलं की ते विसरता येत नाही, मग तुम्ही माणूस असा की होडी.

मग मला एका मोठ्या जहाजावर चढवलं. लढाईचं किंवा मालाचं ते जहाज नव्हतं. सुट्टीत आई-बाबा, मुलं, आजी-आजोबा मिळून चार दिवस समुद्रावर राहायला जातात, तसल्या सहलीचं होतं. त्यात पोहायचा तलाव होता, नाचायची खोली होती आणि जेवायची पाच ठिकाणं होती. माझ्या अंगावर सात हा आकडा रंगवून मला टांगलं ते नेमकं एका जेवणघराच्या खिडकीसमोर.

त्या जेवणघराचं नाव होतं 'आपलं गाव'. आत प्लास्टिकचं लिंबाचं झाड होतं. एक विहीर होती, तिच्या तळाला निळा दिवा लावलेला. बैलगाडी होती, तिच्यावर काकडी आणि टोमॅटोच्या चकत्या मांडून ठेवायचे. वाढणाऱ्या पोरांच्या डोक्याला पटके बांधलेले असायचे आणि दर अर्ध्या तासाने भिंतीतला कोंबडा आरवायचा, संध्याकाळी आठ वाजतासुद्धा. खिडकीबाहेर खराखुरा समुद्र असायचा आणि माणसं आत त्या खोट्या गावात जेवत बसायची. मला हसू यायचं. पण खरं सांगते, मला हेवाही वाटायचा. काचेच्या वरची एक झडप उघडी असायची. तिच्यातून फोडणीचा वास आणि बोलण्याचा आवाज बाहेर यायचा. एकमेकांच्या ताटात घास ठेवणारी, भांडणारी, लहानग्याला दटावून भरवणारी माणसं मी रोज बघायचे आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर खारं वारं खात लोंबकळत राहायचे.

दोन-तीन महिन्यांनी खलाशी मला खाली सोडायचे, इंजिन चालू करायचे, एक फेरी मारायचे आणि पुन्हा टांगायचे. तेवढाच माझा आणि पाण्याचा संबंध. बाकी कुणी माझ्याकडे बघत नसे. आणि बघितलं तर म्हणे, "ही होडी मध्येच येते, समुद्र दिसत नाही. दुसरं टेबल द्या."

पंधरा वर्षं मी हे ऐकलं. तुम्हाला कुणी रोज असं म्हणत राहिलं तर कसं वाटेल, ते तुम्हीच ठरवा.

एका दिवाळीच्या सुट्टीत लोह्याचं एक कुटुंब त्या टेबलावर आलं. शिवकुमार म्हणून भांड्यांचे व्यापारी, त्यांची आई शरणम्मा आणि मुलगी अक्षरा. घर मूळचं उदगीरकडचं, त्यामुळे आई आणि आजी दोघींनाही ते 'अव्वा' म्हणत. अक्षराची आई दीड वर्षापूर्वी वारली होती. पोरीला जरा बरं वाटावं म्हणून ही सहल काढलेली, हे मला त्यांच्या बोलण्यावरून नंतर कळलं.

'आपलं गाव'ला घरासारखी चौकट लावलेली होती. शरणम्मा त्या चौकटीपाशी आल्या आणि जन्माच्या सवयीने त्यांनी पाय उंच उचलला. उंबऱ्यावर पाय पडू नये म्हणून त्यांच्याकडे बायाबापड्या, पोरं, सगळेच असा पाय उचलून आत येतात. पण तिथे उंबराच नव्हता. उचललेला पाय खाली भलतीकडेच पडला आणि त्या धडपडल्या. पटक्याच्या पोराने धावत येऊन सावरलं म्हणून बरं.

"शिवा, ह्याला उंबराच न्हाई की रे," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या.

"अव्वा, हॉटेल हाय हे. गाव न्हाई."

"मग बाहेर गाव म्हणून कामून लिवलंय?"

शिवकुमारनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. शरणम्मांनी पदराआड गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले, मग ताटाकडे बघितलं. भाकरी पुरीएवढी होती. ती त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि खाल्ली.

अक्षरा जेवतच नव्हती. ती नऊ वर्षांची होती आणि काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

"पप्पा, ही होडी इथं कशाला टांगली?"

"जहाज बुडायलं तर आपल्याला घिऊन जायला."

"मग कधी कुणाला घेऊन गेली का?"

"न्हाई ना. देवाची कृपा."

अक्षराने पुन्हा काचेला नाक लावलं. मग म्हणाली, "नुसतं टांगून राहायचं. लई एकटं वाटत असंल तिला." आणि तिने आपला तळवा काचेवर ठेवला, अगदी माझ्या सातच्या आकड्यासमोर. पंधरा वर्षांत माझ्याविषयी कुणी एवढं बोललं नव्हतं.

पुढे कोरोनाची साथ आली. सहली बंद झाल्या आणि जहाज बंदरात उभं राहिलं. दीड वर्ष त्या जेवणघरात दिवा लागला नाही. कोंबडा मात्र बराच काळ आरवत होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग जहाज मोडायला काढलं. प्लास्टिकचं झाड, विहीर, बैलगाडी सगळं एका ढिगात पडलं. मला आणि माझ्यासारख्या बाकीच्यांना समुद्रकाठच्या भंगारबाजारात वाळूत ओळीने मांडून ठेवलं. गिऱ्हाइकं खुर्च्या नेत, आरसे नेत, गाद्या नेत. होडी कोण नेणार?

एके दिवशी शिवकुमार आले आणि त्यांनी दुकानदाराला विचारलं, "सात नंबरची हाय का? माझ्या पोरीनं नंबर सांगून धाडलंय."

त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. समुद्रावरची माणसं गावाच्या हौसेने जेवतात, तर गावातली माणसं जहाजाच्या हौसेने का जेवणार नाहीत? रस्त्याकडेला त्यांचं शेत होतंच. व्यापाऱ्याचं डोकं ते, उगीच नाही चालत. मला ट्रेलरवर बांधलं आणि आम्ही निघालो. वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं जमायची. नांदेडच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एक म्हातारबा माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "लातूरला एकदा पाणी रेल्वेनं आलतं. त्याच्या मागून आता होडी निघाली म्हणायची." सगळी टपरी हसली. मीही मनात हसले, पण जरा बिचकलेच. जिथे पाणी रेल्वेने आणावं लागतं, तिथे माझं काय काम?

चौथरा बांधून तयार होता. लोखंडी पायांच्या घोडीवर मला बसवून चार मोठ्या बोल्टांनी चौथऱ्याला आवळलं. आता आत जायचं कसं, हा प्रश्न आला. होडीत माणूस काठावरून पाय टाकून उतरतो. शिवकुमारनी माझ्या कडेला शिडी लावायचं ठरवलं होतं. शरणम्मा बघायला आल्या आणि त्यांनी ती शिडी पाहिली.

"भिंत चढून आत कोण येतंय? चोर," त्या म्हणाल्या. "जेवायला येणारी माणसं चोरावानी आत यायची काय? दार पाड. अन् दाराला उंबरा बसव. बिगर उंबऱ्याच्या जागंत मी एकदा जेवले, पुन्यांदा न्हाई जेवणार."

"अव्वा, भोक पाडल्यावर ती तरंगणार नाही," अक्षरा म्हणाली. ती आता बारा-तेरा वर्षांची झाली होती.

"हितं कुठं तरंगायचंय तिला, बाई? ओढ्याला उन्हाळ्यात घोटभर पाणी न्हाई."

दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेशनवाला कटर घेऊन आला. मित्रांनो, तो आवाज मी सांगू शकत नाही. 'ही बुडायची नाही' असं म्हणणाऱ्या त्या बाईची मला फार आठवण झाली. तळापासून छतापर्यंत माझ्या पोटाला दार पडलं. खाली बाभळीचा जाड उंबरा ठोकला आणि त्याच्या सांधीत डांबर भरलं. शरणम्मांनी त्याला हळद-कुंकवाची बोटं ओढली, चौथऱ्यावर रांगोळी काढली, नारळ फोडला. सगळे आनंदात होते. अक्षरा तेवढी माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत उभी होती. जगात उंबरा असलेली दुसरी होडी असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी मी तो अपमान समजले.

'हॉटेल जहाज, शुद्ध शाकाहारी' अशी पाटी लागली. खाली निळं कापड अंथरून समुद्र केला. स्वयंपाकाला ओढ्याकाठच्या वस्तीतला व्यंकट आला. भाजी अशी करायचा की रस्त्यावरून जाणारा ट्रक थांबावा. शिवकुमारनी त्याला कप्तानाची पांढरी टोपी दिली. त्याने ती आपल्या रुमालावरच घातली आणि शेवटपर्यंत तशीच घातली. नांदेडहून, लोह्याहून, विष्णुपुरीच्या कॉलेजातून माणसं यायची. वाढदिवस व्हायचे. पोरं माझ्याच पेटीतली नारिंगी जाकिटं अंगात चढवून जेवायची.

"व्यंकटमामा, जहाज कधी सुटणार?" ती विचारायची.

"जेवल्याबिगर सुटत नसतंय. आधी ती भाकर संपव."

मी जे काचेबाहेरून बघत होते, ते आता माझ्या पोटात चालू होतं. ताटं, घास, भांडणं, हसणं. मला बरं वाटायला हवं होतं आणि वाटायचंही. पण जेवून झालं की माणसं बाहेर उभी राहून माझ्यासमोर फोटो काढायची आणि निघून जायची. कुणाला माझी गरज नव्हती. मी गंमत होते. दर सोमवारी शरणम्मा यायच्या आणि उंबऱ्याला हळद-कुंकू लावून जायच्या, पण तेही उंबऱ्याला, मला नव्हे.

ही गंमतही अडीच वर्षंच टिकली. मग नवा चौपदरी रस्ता झाला. तो पलीकडच्या माळावरून गेला आणि आमचा जुना रस्ता एकाएकी ओस पडला. आधी ट्रक गेले, मग गाड्या, मग वाढदिवस. टेबलं एकावर एक रचून ठेवली गेली. व्यंकट रोजंदारीला जाऊ लागला. त्याची टोपी आत खिळ्याला टांगलेली राहिली. अक्षरा अकरावीच्या शिकवणीसाठी लातूरला वसतिगृहात गेली. शरणम्मांचे गुडघे धरले आणि सोमवारही बंद झाले. निळं कापड वाऱ्याने फाटून बाभळीला अडकलं. एक शेळी तेवढी दुपारी सावलीला यायची. पुढे पुढे तीही येईनाशी झाली.

एकटेपणाची मला सवय होती, असं मी समजत होते. पण टांगलेल्या होडीचं एकटेपण वेगळं. तिला निदान उद्याची आशा असते. पोटाला दार पाडलेली होडी कशाची आशा करणार? तरी मी करायचे. रात्रंदिवस मनात म्हणायचे, एकदा तरी कुणाला माझी गरज पडू दे.

गेल्या श्रावणात ती पडली.

तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता वरच्या तलावाचा बांध फुटला. मी आधी आवाज ऐकला. मग ओढा आपलं पात्र सोडून शेतात शिरताना पाहिला. जुन्या रस्त्याचा पूल पाण्याखाली गेला होता आणि व्यंकटच्या वस्तीला माळाकडे जायची वाट राहिली नव्हती. त्या सगळ्या पाण्यात उंच अशी एकच जागा होती, ती म्हणजे माझा चौथरा.

कमरेएवढ्या पाण्यातून व्यंकट येताना दिसला. खांद्यावर एक म्हातारी होती. मागे त्याची बायको कस्तुराबाई, तिच्या कडेवर कुणाचं तरी तान्हं मूल, आणि मागे एकमेकांचे हात धरून सगळी वस्ती. "पायऱ्या चढा. मागं बगू नगा," तो एकसारखा म्हणत होता.

चौतीस माणसं माझ्यात शिरली. मित्रांनो, मागे पाणी लागलेलं, अंगावरचं लुगडं निथळतंय, पोर रडतंय, अशातही त्या चौतिसांतल्या एकानेही उंबऱ्यावर पाय दिला नाही. प्रत्येकाने पाय उचलला आणि मग आत टाकला. म्हाताऱ्यांनी उचलला, पोरांनी उचलला. मी ते बघत राहिले.

माझी इच्छा पुरी झाली होती. आणि त्याच वेळी समोर त्यांची अकरा घरं एकामागून एक बसताना दिसत होती. बजरंग नावाच्या माणसाचा बैल दाव्याला तसाच राहिला होता. तो दिसेनासा होईपर्यंत बजरंग दारात उभा होता. तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं काय मागत होते. माझी मलाच लाज वाटली.

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं, मग चौथ्या. व्यंकटने आतली हत्यारांची पेटी उघडली आणि मोठा पाना काढला.

"बोल्ट खोला रे," तो म्हणाला. "हे जहाज हाय. मोकळं केलं की पाण्यासंगं आपसूक वर यील."

बजरंग आणि दोघे जण त्याच्याबरोबर उतरले. सगळ्यांनाच ते पटलं होतं. हीच चूक होती, आणि माझ्यासारख्या होडीशिवाय ती कुणाला कळणार? मोकळी झाले असते तर त्याच क्षणी दारातून पाणी आत आलं असतं, मी कलंडले असते आणि चौतीस माणसं माझ्याखाली गेली असती. व्यंकट त्या दारातून हजार वेळा ताटं घेऊन आत-बाहेर गेला होता. त्याच्या लेखी ते दार होतं. ते होडीला पडलेलं भोक आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. एक बोल्ट निघाला. दुसरा निघाला. मला हात नाहीत, तोंड नाही. मी नुसती थरथरत होते आणि त्यांना वाटत होतं, मी तरंगायला लागले.

कस्तुराबाई दाराशी बसली होती. तान्हं मूल मांडीवर होतं आणि तिचा एक हात उंबऱ्यावर होता. तिने बाहेर वाकून हाक मारली.

"आवं, ऐका की. पाना ठेवा जरा."

"आता काय?"

"हे जहाज हाय का घर?"

"जहाज हाय. डोकं फिरलं का तुझं?"

"मग ह्याला उंबरा कामून हाय? अव्वा हळद-कुक्कू लावून जायच्या, म्या सोता बगितलंय. उंबरा हाय त्ये घर असतंय. घर मोकळं करून पाण्यात सोडतेत का कुनी? अन् सोडलं तर ह्या दारातून पानी आत यायलं, तवा काय करताल?"

व्यंकट तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दाराकडे बघितलं. खालून वर, वरून खाली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो पाण्यात बसला आणि काढलेले बोल्ट पुन्हा आवळायला लागला. पाणी गळ्याशी आलं तरी तो उठला नाही.

मग सगळ्यांना काम मिळालं. टेबलाच्या फळ्या दारात आडव्या लावल्या, सांधीत पोती आणि लुगड्यांचे बोळे कोंबले आणि माणसं पाठी लावून बसली. पाणी उंबऱ्याला लागलं. मग वर चढलं, वीतभर. बाभळीचा तो उंबरा हलला नाही. फटीतून येणारं पाणी बाया कढईने बाहेर टाकत होत्या. भांडी पुरेनात तेव्हा व्यंकटने खिळ्यावरची कप्तानाची टोपी काढली आणि तिने पाणी उपसायला लागला. एक पोरगी हसली. मग आणखी दोघं-तिघं हसली.

दुपारी पाणी थांबलं आणि हळूहळू उतरू लागलं. कस्तुराबाईने कमरेला बांधलेल्या भाकरी सोडल्या. रात्रीच्या होत्या, भिजलेल्या होत्या. तिने त्यांचे चौतीस तुकडे केले. माझ्या पोटात तोवर कितीतरी जेवणं झाली होती. रंगीत दिव्यांखालची, गाण्यांची, केक कापलेली. पण ज्या जेवणाच्या वेळी कुणी फोटो काढला नाही, असं ते पहिलंच.

मी तरंगले नाही, मित्रांनो. एक इंचही हलले नाही. ज्यासाठी मला घडवलं, ते मी शेवटपर्यंत केलं नाही. मी फक्त जागेवर बसून राहिले, आणि तेही एका बाईला उंबऱ्याचा अर्थ ठाऊक होता म्हणून.

पुढे पेपरवाले आले, 'जहाजाने वाचवलं' असं छापून आलं. आठ दिवस गर्दी झाली. मग वस्तीला माळावर, नव्या रस्त्याजवळ जागा मिळाली आणि ती माणसं तिकडे गेली. चांगलंच झालं. तिथे पाणी पोचणार नाही. पण माझ्या आजूबाजूला आता रात्री एकही चूल पेटताना दिसत नाही.

दिवाळीत शिवकुमार, शरणम्मा आणि अक्षरा आले. शरणम्मा कुणाचा हात न धरता पायऱ्या चढल्या. फार वेळ लागला. दाराशी येऊन त्यांनी पाय उचलला, बेताने आत टाकला आणि मग वळून खाली बघितलं. उंबऱ्यावर गाळाची रेघ वाळली होती. ती त्यांनी पुसली नाही. तिच्याच शेजारी हळद-कुंकवाची बोटं ओढली आणि कपाळ टेकवलं.

अक्षरा बराच वेळ कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होती, दार पाडलं त्या दिवशी फिरवत होती तशीच. मग म्हणाली, "पप्पा, हे दार बुजवता येतं. फायबरचं काम करणारा नांदेडात आहे, मी चौकशी केली. मग पुढच्या वेळेस ही खरंच तरंगेल. हिला तरंगायचंच होतं ना."

शिवकुमारनी आईकडे बघितलं. शरणम्मा म्हणाल्या, "होडी तिची हाय. तिनंच नंबर सांगून आणली. तिला ठरवू दे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करायचं, असं बोलून ते गेले. तेव्हापासून मी दिवस मोजते आहे. जे मी जन्मभर मागितलं, ते मला आता मिळणार आहे, आणि मला ते नको आहे. पोटाला दार नव्हतं तेव्हा पंधरा वर्षं मी काचेबाहेर टांगलेली होते, अखंड आणि एकटी. दार पडलं आणि माणसं आत आली. ती पोरगी माझ्या मनातलं ओळखते, नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते. एवढं एकच तिला अजून कळलेलं नाही, आणि मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. अक्षरा लातूरला शिकते. तुमच्यातल्या कुणाची ताई, कुणाची मैत्रीण असेल. भेटली तर तिला सांगा, सात नंबरला दार राहू दे म्हणावं. माझ्या बोल्टांना वर्षातून एकदा तेल द्या, पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडा, आतली जाकिटं उन्हात घाला. कधी कुणाला लागतील सांगता येत नाही, आणि न लागोत. संकट नसतानाही कधी डबा घेऊन या आणि माझ्या पोटात बसून जेवा. दार उघडंच आहे. आत येताना पाय तेवढा उचला.